परतूरची छावणी, असईचं रण

मराठ्यांच्या दोन मोठ्या युद्धांचं आमच्या जालना जिल्ह्याशी नातं आहे. १७६० च्या मार्चमध्ये नानासाहेब पेशव्यांची छावणी परतूरला होती. सदाशिवरावभाऊंना उत्तरेत पाठवायचं तिथे ठरलं आणि तिथून निघालेली फौज पानिपतावर संपली. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ ला, असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. एका युद्धाचं पहिलं पाऊल आणि दुसऱ्याचं ऐन रण, दोन्ही एकाच जिल्ह्यात.

माझं माहेर परतूरकडचं आणि सासर टेंभुर्णीचं. टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यात, म्हणजे असई आमच्यापासून लांब नाही. माझे सासरे, आबा, जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले. मीही शाळेत तोच विषय शिकवते. या दोन युद्धांत मराठे का उतरले, आणि कुठलं कारण जास्त खरं, यावर आमचं कधी जमत नाही. माहेरची म्हणून मी पानिपताची बाजू घ्यावी असं कुणालाही वाटेल, पण आमच्याकडे उलट आहे. आबा पानिपताचे आणि मी असईची. दिवाळीच्या सुट्टीत ओसरीवर बसून झालेला आमचा वाद इथे मांडते आहे. सासऱ्यांशी वाद घालणारी सून गावात फारशी कुणाला रुचत नाही, पण आबांना रुचते, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात आबांनीच केली. "पानिपतावर मराठे शब्दासाठी गेले. १७५२ चा अहमदिया करार बघ. सफदरजंग वजिरानं बादशहाच्या वतीनं शिंदे-होळकरांशी ठरवलं, की परचक्र आलं किंवा घरच्यांनी बंड केलं तर दिल्लीच्या तख्ताला मराठ्यांनी सांभाळायचं. अब्दालीनं १७५७ ला मथुरा-वृंदावनात काय केलं ते तुला ठाऊक आहे. असा माणूस पुन्हा येतो म्हटल्यावर घरी बसायचं होतं का? पुण्याचं राज्य पहिल्यांदाच आपल्या मुलखापलीकडचा, सबंध हिंदुस्थानाचा विचार करून लढायला निघालं. त्या कारणाएवढं मोठं कारण मराठ्यांना आधी मिळालं नव्हतं, नंतरही मिळालं नाही."

"करार मीही वाचलाय, आबा. राखणदारीचे पन्नास लाख ठरले होते. त्यातले तीस अब्दालीसाठी, वीस घरच्या शत्रूंसाठी. वर पंजाब, सिंध आणि दुआबाची चौथाई, आणि अजमेर-आग्र्याची सुभेदारी. आणि हा करार होत होता त्याच सुमारास बादशहानं पंजाब अब्दालीला तोडून दिलेला होता. ज्या पंजाबची चौथाई आपल्याला मिळणार होती, तो दिल्लीनं आधीच दुसऱ्याच्या पदरात टाकलेला. शब्द दिला होता हे खरं, पण त्याची किंमतही ठरली होती."

"मग त्यात वाईट काय? फौजेला पोट असतं. मोबदला घेतला म्हणून राखण खोटी होत नाही."

"ती खोटी झाली ती मोबदल्यानं नाही. ज्याची राखण करायची त्याचं काय झालं ते बघा. करार झाला तो बादशहा अहमदशाह. १७५४ ला इमादुल्मुल्कानं त्याला तख्तावरून ओढून आंधळा केला, आणि त्या कामात इमादच्या पाठीशी आपलीच फौज होती. त्याच्या जागी आलमगीर दुसरा बसवला. १७५९ च्या नोव्हेंबरात त्यालाही इमादनंच मारवलं. आपण इमादची साथ सोडली का? नाही. भाऊ परतूरहून निघाले तेव्हा ज्या तख्तासाठी शब्द दिला असं आपण म्हणतो, त्यावरचा एक धनी आपल्या मदतीनं आंधळा झाला होता आणि दुसरा आपल्या दोस्तानं मारला होता."

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू दत्ताजीला विसरतेस."

दत्ताजी शिंद्यांचं नाव निघालं की आबांचा आवाज बदलतो. आमच्या भागाला दत्ताजी परके नाहीत. १७५७ च्या डिसेंबरात इथून जवळच सिंदखेडला निजामाशी जी लढाई झाली, तीत तरुण विश्वासरावांबरोबर फौज चालवली ती दत्ताजींनी. दोन वर्षांनी, १० जानेवारी १७६० ला, यमुनेकाठच्या बुराडी घाटावर ते पडले.

"दत्ताजी पडल्यावर," आबा म्हणाले, "करार राहिला बाजूला. राज्याचा पहिल्या रांगेचा सरदार मारला गेला, जनकोजी जखमी झाला. एवढं झाल्यावर पुण्याला उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर दुसऱ्या दिवशी राजपुतान्यापासून बुंदेलखंडापर्यंत एकही माणूस खंडणी देणार नाही. परतूरला हाच विचार झाला."

"हा विचार झाला हे मलाही पटतं. पण दत्ताजी तिथे कशासाठी होते? पेशव्यांनी त्यांना पाठवलं होतं ते पाटणा-बंगालकडे, पैसा उभा करायला. राघोबादादा १७५८ ला लाहोरला पोचले त्याचं आपण कौतुक करतो. पण ते परतले ते कर्ज घेऊन. ते कर्ज फेडायला बंगालची मोहीम ठरली. बंगालला जायचं तर गंगा उतरायची. गंगा उतरायला नजीबखान रोहिला शुक्रतालला नावांचा पूल बांधून देतो म्हणाला, आणि त्याची वाट बघत दत्ताजींचे महिने गेले. नजीबनं पूल बांधला नाही, अब्दालीला बोलावलं. दत्ताजी अब्दालीच्या वाटेवर उभे होते याचं पहिलं कारण पुण्याच्या हिशेबाच्या वहीत आहे, आबा. मथुरेत नाही."

"आणि नजीबला १७५७ ला जिवंत कुणी सोडलं?" आबांनी विचारलं. उत्तर त्यांनाही माहीत होतं, मलाही. मल्हारराव होळकरांनी.

"म्हणजे तुमचंही मत तेच. परचक्राला वाट आपल्याच हिशेबांनी आणि आपल्याच तडजोडींनी करून दिली."

"वाट करून दिली हे कबूल. पण आलेल्या परचक्राशी लढणं हे कारण त्यानं खोटं ठरत नाही. तू एक चूक करतेस, सूनबाई. युद्धाचं कारण एकदाच ठरतं असं धरून चालतेस. १७५९ ला कारण पैसा होता. जानेवारी १७६० ला दत्ताजीचं रक्त झालं. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतल्यावर दिल्ली राखणं हे कारण झालं. पानिपतावर दोन-अडीच महिने उपाशी अडकल्यावर अब्रूनं बाहेर पडणं एवढंच उरलं. तू पहिल्या पानावर बोट ठेवून बसलीस."

हे आबांनी फार नेमकं पकडलं, आणि मला ते मान्य आहे. पाठ्यपुस्तकात आपण 'युद्धाची कारणे' असं शीर्षक देऊन चार ओळी लिहितो. प्रत्यक्षात कारण फौजेबरोबर चालत असतं आणि मुक्कामागणिक बदलतं. पण त्यातलं एक कारण सगळ्या मुक्कामांवर सोबत राहिलं, आणि ते म्हणजे पैसा. फेब्रुवारी १७६० ला उदगीरला निजामाला नमवून साठ लाखांच्या आसपासचा मुलूख मिळवला होता. परतूरची छावणी त्या विजयाच्या भरात होती. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा उदगीरला चालल्या तशा दिल्लीलाही चालतील असं वाटत होतं. आणि सहा महिन्यांनी दिल्लीत तोच भाऊ शिपायांचा पगार भागवायला दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून टाकसाळीत पाठवत होता. ज्या तख्ताच्या रक्षणाला आलो, त्याचंच छत. सूरजमल जाट तेव्हा निघून गेला. त्याला आणखी कारणं होती, पण हेही एक होतं.

"छत उतरवलं म्हणून भाऊला दोष देऊ नकोस," आबा म्हणाले. "पुण्याहून पैसा येत नव्हता. शिपाई उपाशी ठेवायचा का?"

"भाऊंना मी दोष देत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पानिपताचं कारण आपण आजवर फार धुऊन-पुसून सांगत आलो. हरल्याचं दुःख एवढं मोठं, की कारणही तेवढंच मोठं असणार असं आपण धरून चाललो. लाखभर माणसं गेली. विश्वासराव गेला, भाऊ गेले, इब्राहिमखान गेला, जनकोजी गेला. घरटी माणूस गेलं. एवढा शोक झाल्यावर ते पैशाच्या ओढाताणीतून झालं असं कुणाला म्हणवेल? म्हणून आपण करार पुढे केला आणि वही मागे ठेवली."

"बरं," आबा म्हणाले. "आता तुझी असई सांग. तिथे वही नव्हती का?"

माझी बाजू मला थोडं मागं जाऊन मांडावी लागली, कारण असई शिकवताना सगळे थेट लढाईवर उतरतात. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे दोघांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबरला त्यानं वसईला इंग्रजांशी तह केला. कंपनीची सहा पलटणींची तैनाती फौज कायम ठेवायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, सुरतेवरचा हक्क सोडायचा, इंग्रजांच्या शत्रू देशांतला युरोपियन नोकरीत ठेवायचा नाही, निजाम आणि गायकवाडांबरोबरच्या तंट्यात कंपनीचा निवाडा मानायचा, आणि कंपनीला विचारल्याशिवाय कुठल्याही राज्याशी बोलणं करायचं नाही.

"शेवटचं कलम बघा, आबा. पेशवा शिंद्यांशी बोलणार तेही कंपनीला विचारून. शिंद्यांना किंवा भोसल्यांना या तहाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, त्यांची सही नव्हती, आणि पुढे त्यांनी तो मानावा असा आग्रह. मराठी राज्यात भांडणं पुष्कळ होती, पण ती मिटवायला किंवा चिघळवायला पुण्यात एक जागा होती. ती जागाच इंग्रजांच्या कुलपाखाली गेली. हे कारण पानिपताच्या कुठल्याही कारणापेक्षा सरळ आहे. यात चौथाई नाही, सुभेदारी नाही. आपल्या घरातला निर्णय परका घेणार की आपण, एवढाच प्रश्न आहे."

आबांनी इथे मला गाठलं.

"घरातला म्हणतेस? त्या घरात आग कुणी लावली? १७९७ ला मल्हारराव होळकराला पुण्यात कुणाच्या फौजेनं मारलं? शिंद्यांच्या. १७९८ ला सर्जेराव घाटग्यानं पुण्यातल्या सावकारांना तापल्या तोफांवर बांधून पैसे काढले, तो कुणाचा माणूस? दौलतरावाचा सासरा. महादजीच्या विधवांशी लढाई कुणी केली? १८०१ ला विठोजी होळकराला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं तेव्हा बाजीरावाच्या मागं कुणाचा जोर होता? आणि इंदूर? ते लुटून जाळलं तेही घाटग्यानंच, त्याच वर्षी. पेशव्याला पळवायला होळकर आला, पण होळकराला एवढा पेटवला तो शिंद्यांनी. पुण्याची किल्ली आपल्या कमरेला होती तोवर दौलतरावाला काही वाटलं नाही. ती इंग्रजाच्या कमरेला गेली तेव्हा त्याला स्वातंत्र्य आठवलं. हे कारण नाही, सूनबाई. हा मत्सर."

यातली एकही गोष्ट मला नाकारता येत नाही. दौलतराव महादजींचे वारस, आणि त्यांचे आजोबा तुकोजी शिंदे पानिपतावर पडलेले. पानिपतानंतर लंगडत घरी आलेल्या महादजींनी दहा वर्षांत पुन्हा दिल्ली हाती घेतली, शाहआलमला तख्तावर आणून बसवलं, आणि पुढे दिबॉयनच्या हाताखाली कवायती कंपू उभे केले. हा सगळा वारसा चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात १७९४ ला आला, आणि नऊ वर्षांत त्यानं घरातल्या प्रत्येकाला दुखावलं.

"मत्सरही होता, आबा. पण भाऊबंद बांधावरून एकमेकांची डोकी फोडत असतील, आणि त्या भांडणाचा फायदा घेऊन सावकार शेतात उतरला, तर त्याला अडवणाऱ्याचे आधीचे गुन्हे काढून सावकाराचं उतरणं योग्य ठरत नाही. दौलतरावांना अधिकार उरला नव्हता असं तुम्ही म्हणता. मी म्हणते, अधिकार वेगळा, कारण वेगळं. कारण खरं होतं, अधिकार गमावलेला होता, आणि असईची शोकांतिका तीच आहे. पानिपतावर उलट होतं. विश्वासरावांपासून गारद्यांपर्यंत सगळे एका निशाणाखाली होते, अधिकार पक्का होता, आणि कारण मात्र फाटकं."

"फाटकं म्हणू नको."

"ठिगळांचं म्हणते."

आबांनी तेही मान्य केलं नाही, पण पुढे गेले. "मला एक सांग. असईला मराठे उतरले की ओढले गेले? लॉर्ड वेलस्ली, तो कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल, आर्थरचा थोरला भाऊ. त्याला शिंद्यांची उत्तरेतली पेरोंच्या हाताखालची फौज मोडायचीच होती. फ्रेंचांची धास्ती होती. दिल्ली, आग्रा, दुआब हवा होता. शिंद्यांनी काहीही केलं असतं तरी युद्ध झालंच असतं. मग 'मराठ्यांचं कारण' कसलं? जाळ्यात सापडलेल्याला कारण विचारत नाहीत."

हा प्रश्न खरा. आणि याचं उत्तर आमच्याच आसपासच्या मुलखात १८०३ च्या उन्हाळ्यात मिळतं. शिंद्यांच्या छावणीत इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स होता. मे महिन्यात दौलतरावांनी त्याला सांगितलं, रघूजी भोसल्यांची भेट झाली की युद्ध की तह ते कळेल. जूनमध्ये दोघे भेटले आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेला फौजा घेऊन बसले. आर्थर वेलस्लीची मागणी होती: तुम्ही निजामाच्या हद्दीजवळ विनाकारण बसला आहात, शिंद्यांनी नर्मदेपलीकडे जावं आणि भोसल्यांनी नागपूरला.

"आणि यांचं उत्तर काय होतं ते फार कमी लोक सांगतात," मी म्हणाले. "यांनी सांगितलं, आम्ही बऱ्हाणपूरपर्यंत मागे जातो, तुमच्या फौजाही मद्रास, श्रीरंगपट्टण आणि मुंबईला परत न्या. दोघांनी एकदमच मागं व्हायचं. यात उद्दामपणा कुठे आहे? आपल्याच मुलखात उभ्या असलेल्या माणसानं परक्याला सांगितलं, तू तुझ्या घरी जा, मीही मागं होतो. ते मानलं गेलं नाही. ३ ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून गेला आणि वेलस्लीनं नगरवर चाल केली. १२ ऑगस्टला किल्ला त्याच्या हाती. शिंद्यांना नर्मदेपलीकडे जाणं शक्य होतं, आबा. गेले असते तर निदान काही वर्षं उज्जैन, ग्वाल्हेर, दिल्ली सगळं शाबूत राहिलं असतं. पैशाचा विचार केला असता तर तेच शहाणपण होतं. त्यांनी ते केलं नाही. म्हणून मी म्हणते, ते उतरले. ओढले गेले नाहीत."

"दोघं एकदम मागं होऊ," आबा हळूच म्हणाले, "हे मी वर्गात कधी सांगितलं नाही."

मग त्यांनी माझी वही ओढून मागच्या पानावर केळणा आणि जुई या दोन नद्या काढल्या. वर जुई, खाली केळणा, उजवीकडे त्यांचा संगम. मधला जमिनीचा पट्टा पूर्वेकडे निमुळता होत जातो, आणि जुईच्या काठावर असई. डावीकडे भोकरदनपर्यंत मराठ्यांचा तळ. आबांना हे काढताना बघणं ही मोठी गोष्ट आहे. त्यांनी पोरांना हा नकाशा किती वर्षं काढून दाखवला असेल.

वेलस्ली आणि दुसऱ्या इंग्रज फौजेचा सेनापती स्टीव्हन्सन २१ सप्टेंबरला बदनापूरला भेटले होते. दोन वाटांनी जाऊन २४ ला एकत्र हल्ला करायचा असं ठरलं. पण २३ ला नळणीजवळ वेलस्लीला कळलं की मराठे अगदी समोर आहेत. त्याच्याजवळ साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं आणि सतरा तोफा. वाटाड्यांनी सांगितलं, केळणेला इथे उतार नाही. त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी समोरासमोर असतील तर त्यांच्यात जायची वाट असणारच, असं त्यानं धरलं. उतार निघाला.

"आता हे बघ," आबांनी पेन्सिल असईवर टेकवली. "तुझं कारण एवढं खरं होतं तर फौज कुणाच्या हाती होती? पोलमन. हॅनोव्हरचा. त्याच्याबरोबर डुपों. बेगम समरूचे कंपू. शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी कंपनीचा जाहीरनामा निघताच सोडून गेले. उत्तरेत पेरोंनंही त्याच महिन्यात इंग्रजांचा आसरा घेतला. स्वातंत्र्यासाठी लढणारी फौज पगारी परक्यांच्या हाती देतात का? आणि शिंदे-भोसल्यांचं घोडदळ? हजारोंनी उभं होतं, बहुतेक लढलंच नाही."

"पोलमननं काम चोख केलं, आबा. वेलस्ली बगलेवर उतरतोय हे कळताच त्यानं सगळी रांग फिरवून त्याच्यासमोर आणली, केळणेपासून जुईपर्यंत. ते सोपं काम नव्हतं. पण मला सांगायचं आहे ते गोलंदाजांचं. इंग्रजांची रांग तोफांपर्यंत आली तरी ते हटले नाहीत. तोफेपाशी उभे राहून संगिनी अंगावर घेतल्या. काही जण मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठले, तोफा फिरवल्या आणि मागून गोळे टाकले. पुन्हा येऊन त्यांना मारावं लागलं. इंग्रजांचे त्या एका दुपारी ४२८ ठार, हजारावर जखमी. चौऱ्याहत्तराव्या हायलँडर्सची पलटण असईच्या तोंडाशी जवळजवळ कापली गेली. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस, आयुष्यात सर्वांत चांगली कामगिरी कुठली म्हणून विचारलं तर असईचं नाव घ्यायचा."

"गोलंदाज शिंद्यांचे नव्हते, महादजीनं घडवलेले होते," आबा म्हणाले. "आणि ते वसईच्या तहासाठी लढत नव्हते. तोफेसाठी लढत होते."

"मग पानिपतावरचा शिपाई अहमदिया करारासाठी लढत होता का?"

आबा हसले. हा मुद्दा आम्ही तिथेच सोडला, कारण तो दोघांच्याही विरुद्ध जातो. राज्य युद्धात का उतरतं आणि माणूस युद्धात का उभा राहतो, ही दोन वेगळी खाती आहेत, आणि त्यांची गल्लत केली की सगळी युद्धं सारखीच थोर दिसायला लागतात.

निकालाबद्दल आमच्यात वाद नाही. दिल्ली ११ सप्टेंबरलाच गेली होती. १ नोव्हेंबरला लासवारी, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांनी तह केला, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी. त्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेपासून गोदावरीपर्यंतचा आपला सगळा मुलूख सोडला. त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा होता. कंपनीनं तो मुलूख आपल्या दोस्ताला, निजामाला दिला. परतूरच्या छावणीनं ज्या निजामाला उदगीरला गुडघ्यावर आणलं होतं, त्याच निजामाच्या घरी असईनंतर जालना गेलं आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिलं. आबांच्या वडिलांनी रझाकारांचे दिवस पाहिले आहेत. पानिपतानं महाराष्ट्राच्या घराघरातली माणसं नेली हे खरं, पण आमच्या गावांच्या पुढच्या दीडशे वर्षांचं जिणं ठरवलं ते असईनं. तरी संक्रांत आली की पानिपताची आठवण निघते आणि सप्टेंबर आला की असईची निघत नाही. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

"राग ठीक," आबा म्हणाले. "पण एका गोष्टीचं उत्तर अजून तू दिलं नाहीस. तुझं कारण एवढं सरळ आणि सगळ्यांचं होतं, तर होळकर काहून आले नाहीत? भोसल्यांनी मध्यस्थी केली होती. तरी यशवंतराव माळव्यात बसून राहिला. ज्याच्या घराला शिंद्यांनी एवढं जाळलं त्याला ते कारण दिसलं नाही, आणि त्याला दिसत नसेल तर ते सगळ्यांचं कसं?"

"दिसलं, आबा. उशिरा दिसलं. एप्रिल १८०४ ला यशवंतराव एकटे उतरले. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत असं पिटाळलं, की इंग्रजांची तशी दशा हिंदुस्थानात फार क्वचित झाली होती. ऑक्टोबरात त्यांनी दिल्लीला वेढा घातला. त्यांचं कारण तेच होतं जे आदल्या वर्षी शिंद्यांचं होतं, की आपण कुणाशी बोलायचं आणि कुठे उभं राहायचं हे कंपनीनं ठरवायचं नाही. कारण सगळ्यांचं होतं. ते प्रत्येकाला वेगवेगळ्या साली कळलं."

"तोवर शिंद्यांच्या तोफा गेलेल्या. अठ्ठ्याण्णव तर असईलाच. आणि शिंदे तहात बांधलेले."

"हो. म्हणून १८०५ च्या डिसेंबरात यशवंतरावांनाही राजघाटला तह करावा लागला."

"मग एकटं पडायची वेळ त्याच्यावर आणली कुणी? शिंद्यांनीच ना?"

"शिंद्यांनी, आबा. आणि असईच्या दिवशी माळव्यात बसून राहिलेल्या होळकरांनीही."

"आणि बाजीरावानं," आबा म्हणाले, आणि वही मला परत दिली.